‘बस’ बसण्यावरून आलेली नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या दैनिकाच्या विद्यार्थी पुरवणीत नुकताच एक लेख आला. ‘बस’ हा शब्द इंग्रजांनी मराठीतून नेला, असं त्यात छातीठोकपणे लिहिलं होतं. पुराव्यादाखल एक गोष्ट दिली होती. कुणी एक साहेब मुलखात आला, गाडीवाल्याने त्याला ‘बस, बस’ म्हणून गाडीत बसवलं, आणि साहेबाने विलायतेत जाऊन वाहनालाच ते नाव देऊन टाकलं. हा लेख आमच्या गावच्या शाळेत परिपाठाला वाचून दाखवला गेला. तिथून तो पालकांच्या मोबाइलवर आला आणि आता तर गुरुजींच्या नावासकट फिरतो आहे. छापून आलेलं खरंच असतं, असं मानणारी माणसं आमच्याकडे अजून आहेत, म्हणून हे पत्र.

मी एसटीत वाहक होतो. अमळनेर, पारोळा, चोपडा, धुळे, शिरपूर ही माझी दुनिया. ‘बस’ हा शब्द माझ्याइतका कुणी वापरला असेल असं वाटत नाही, आणि तो मी तीन अर्थांनी वापरला. ‘बस लागली’ म्हटलं की ते वाहन. ‘मागे बसा’ म्हटलं की ते आसन. दारात लोंबकळणाऱ्यांना ‘बस, आता पुढच्या गाडीने या’ म्हटलं की ते ‘पुरे’. लोकांना वाटतं हा एकच शब्द आहे. तसं नाही. हे तीन शब्द आहेत, तीन वाटांनी आलेत आणि अमळनेरच्या स्टँडवर भेटलेत. निवृत्तीनंतर वाचनालयातले जाडजूड कोश चाळायची सवय लागली, त्यातून हे हाती आलं. कंडक्टरला कसलं लॅटिन, असं कुणी म्हणेल. म्हणू द्या.

आधी वाहनाचं. ठरलेला मार्ग, ठरलेली वेळ, ठरलेलं भाडं, आणि पैसे दिले की कुणीही चढावं, ही कल्पना पॅरिसमध्ये १६६२ साली पहिल्यांदा चालवून पाहिली गेली. चालवणारा होता ब्लेझ पास्कल, तोच गणिती, ज्याचा त्रिकोण मुलं कॉलेजात शिकतात. त्या घोडागाडीचं भाडं होतं पाच सोल, म्हणजे तिथली बारकी नाणी. पण तिथल्या न्यायसभेने हुकूम काढला की शिपाई, नोकरचाकर आणि मजूर यांनी या गाडीत चढायचं नाही. खांद्यावर गाठोडं घेतलेल्या माणसालाच मनाई! मग गाडी चालणार कुणाच्या जिवावर? काही वर्षांत ती बंद पडली. माझ्या मते हा हुकूम काढणाऱ्याला एकदा आठवडी बाजाराच्या दिवशी आमच्या चोपडा गाडीवर तिकिटं फाडायला ठेवायला हवं होतं.

पुढे दीडशेहून अधिक वर्षांनी, १८२६ मध्ये, फ्रान्सच्याच नांत शहरात स्तानिस्लास बोद्री नावाच्या गृहस्थाने तीच कल्पना पुन्हा उचलली. त्याचं गावाबाहेर गरम पाण्याचं स्नानगृह होतं. तिथे गिऱ्हाईक यावं म्हणून त्याने गावातून गाडी सोडली. लोक गाडीत बसायचे, पण स्नानगृहापर्यंत न जाता आपापल्या कामाच्या ठिकाणी मधेच उतरून जायचे. बोद्री शहाणा निघाला. त्याने आंघोळीचा नाद सोडून गाडीचाच धंदा धरला. १८२८ मध्ये तो पॅरिसला पोचला. पुढच्याच वर्षी, ४ जुलै १८२९ ला, जॉर्ज शिलिबीअरने लंडनमध्ये पॅडिंग्टन ते बँक अशी तीन घोड्यांची गाडी सुरू केली. हा शिलिबीअर गाड्या बांधणारा कारागीर होता, पॅरिसमध्ये काम केलेला. नाव तो तिथूनच घेऊन आला : ‘ऑम्निबस’.

ऑम्निबस हा लॅटिन शब्द, अर्थ ‘सर्वांसाठी’. नांतमध्ये गाडी जिथे थांबायची तिथे ऑम्नेस आडनावाच्या टोपीवाल्याचं दुकान होतं, त्याच्या पाटीवर ‘ऑम्नेस ऑम्निबस’ असं लिहिलेलं होतं आणि त्यावरून हे नाव पडलं, अशी एक गोष्ट सांगतात. गोष्ट झकास आहे. आमच्या साहेबाच्या गोष्टीपेक्षा तर नक्कीच, कारण तीत निदान दुकानाची पाटी तरी आहे. पण पाटी असो वा नसो, शब्दाचा अर्थ तोच राहतो.

१८३० च्या दशकात लंडनच्या रस्त्यावर लोकांनी या लांबलचक नावाचं डोकं उडवलं आणि शेपूट ठेवलं : ‘बस’. खरी गंमत इथे आहे. ‘ऑम्नि’ या भागात ‘सर्व’ हा अर्थ आहे. ‘बस’ या भागात तसा काहीच अर्थ नाही, तो नुसता विभक्तीचा प्रत्यय आहे. समजा, आपण गाडीला ‘सर्वांसाठी’ असं नाव दिलं, आणि लोकांनी कंटाळून ‘सर्वां’ टाकून दिलं. मग स्टँडवर माणसं विचारतील, ‘धुळ्याची साठी आली का?’ इंग्रजीत नेमकं हेच झालं आहे. जगभर ज्या शब्दाने वाहन ओळखतात तो मुळात एक प्रत्यय आहे.

अहिराणीत तर ही जोडी याहून चपखल बसते. ‘सर्व’ला आमच्याकडे ‘बठ्ठा’ म्हणतात आणि ‘सर्वांना’ म्हणजे ‘बठ्ठासले’. त्यातला ‘स’ अनेकवचनाचा, ‘ले’ चतुर्थीचा. म्हणजे ऑम्निबसचं सरळ अहिराणी रूप ‘बठ्ठासले’, आणि लंडनकरांनी केलं तसं डोकं उडवलं तर उरतं ‘सले’. ‘पारोळानी सले वनी का?’ मी घरी हे बोलून दाखवलं तेव्हा सगळे हसले. पण लंडनमध्ये कुणी हसलं नाही, त्यांनी तो शब्द तसाच चालवला.

आता ज्यांना या शब्दाचं आपल्याशी नातं हवंच आहे, त्यांच्यासाठी एक खरं नातं सांगतो. लॅटिनमधला हा ‘-बुस्’ प्रत्यय आणि संस्कृतातला ‘-भ्यस्’ प्रत्यय हे एकाच जुन्या कुळातले. चतुर्थीचं अनेकवचन दोन्हीकडे. देव शब्द चालवताना मुलं ‘देवाय, देवाभ्याम्, देवेभ्यः’ असं पाठ करतात, त्यातला तो ‘भ्यः’. ‘ऑम्निबुस्’चा अर्थ संस्कृतात सांगायचा तर ‘सर्वेभ्यः’. आमच्या आगारात सत्यनारायण असायचा. गुरुजी ‘सर्वेभ्यो देवेभ्यो नमः’ म्हणायचे आणि बाहेर शेडमध्ये गाड्या उभ्या असायच्या. त्या गाड्यांच्या नावाचा भाऊबंद त्या मंत्रात बसलेला होता, हे तेव्हा तिथल्या कुणाला ठाऊक असणार! लक्षात घ्या, हे नातं प्रत्ययाचं आहे, बसण्याचं नाही. आणि ते मराठीने इंग्रजीला दिलेलं नाही. दोघींच्या पणजीच्या पणजीकडून ते दोन्ही घरांत उतरलं आहे.

आपल्याकडे हा शब्द वाहनाबरोबर आला. मुंबईत पहिली मोटारबस १५ जुलै १९२६ ला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी धावली. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला गेली. खानदेशातल्या जुन्या माणसांना विचारा, ती आजही ‘मोटर’ म्हणतात, नाहीतर ‘येष्टी’. ‘बस’ हा शब्द त्यांच्या तोंडी फारसा नाही. शब्द आपल्याच घरातून गेला असता, तर तो आपल्याच आजीच्या तोंडी सगळ्यात उशिरा कसा आला? त्या लेखकाने एवढा एक प्रश्न स्वतःला विचारला असता तरी भागलं असतं.

आता बसण्याबद्दल. हा शब्द खरोखर आपला आहे, आणि त्याची वंशावळ इतकी नितळ आहे की त्याला उसन्या मोठेपणाची गरज नाही. संस्कृतात ‘उप’ हा उपसर्ग आणि ‘विश्’ हा धातू मिळून ‘उपविशति’, म्हणजे बसतो. प्राकृतात तो झिजत झिजत ‘बइस’पर्यंत आला. जुन्या मराठीत ‘बैसणे’ झाला. ज्ञानेश्वरीत पानोपानी तोच सापडतो. पुढे ‘बैस’चा ‘बस’ झाला. गुजरातीत त्याच धातूचं ‘बेसवुं’ झालं. त्याच धातूचं भूतकाळवाचक रूप ‘उपविष्ट’, त्यातून हिंदीचं ‘बैठना’ निघालं. मराठीने क्रियापद वर्तमानाच्या रूपातून घेतलं आणि हिंदीने भूतकाळाच्या.

आमची अहिराणी इथे कुणाच्या बाजूची? माझ्या गाडीत म्हातारी चढली की विचारायची, ‘मास्तर, बठाले जागा शे का?’ मी म्हणायचो, ‘आठे बठ माय.’ म्हणजे ‘ठ’ हिंदीच्या बाजूचा. चाळीसगावकडून पुणेरी मराठी बोलणारा कुणी आला की ‘बसायला जागा आहे का’. शिरपूरवरून सेंधव्याच्या बाजूला उतरलं की ‘बैठो’. नंदुरबारच्या पलीकडे नवापूरला तर रेल्वे स्टेशनच दोन राज्यांत आहे. फलाटावरचं एक बाकडं अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत. त्याच्या एका टोकाला माणूस ‘बस’ म्हणेल, दुसऱ्या टोकाला ‘बेस’, आणि मधे साक्री-पिंपळनेरचा पाहुणा टेकला तर तो ‘बठ’ म्हणेल. एका ‘उपविश्’ची ही सगळी लेकरं एका बाकड्यावर मावतात. शब्दांचा अभ्यास करायला यापेक्षा चांगली जागा महाराष्ट्रात दुसरी असेल असं मला वाटत नाही. आपल्या विद्यार्थी पुरवणीने खरं तर त्या बाकड्यावर लेख द्यायला हवा होता. आणि साहेबाची गोष्ट खानदेशात घडली असती, तर गाडीवाला ‘बठ, बठ’ म्हणाला असता आणि आज लंडनमध्ये लाल रंगाच्या दुमजली ‘बठ’ धावत असत्या.

मराठीने या क्रियापदाला किती कामाला लावलं आहे तेही बघा. घसा बसतो, धक्का बसतो, विश्वास बसतो. केळीचा भाव बसला की रावेर-यावलकडचा शेतकरीही खाली बसतो. औषधाला किती पैसे बसले, हे विचारतो. पावसाने भिंत बसते. नवं दार चौकटीत बसत नाही. लॅटिनच्या त्या बिचाऱ्या प्रत्ययाला यातलं एक तरी काम जमेल का?

तिसरा ‘बस’, पुरे या अर्थाचा. हा फारसी. मुसलमानी अमदानीत दरबारी भाषेबरोबर आला आणि हिंदी, मराठी, गुजराती सगळ्यांत रुजला. आपण जोर देऊन त्याचा ‘बस्स’ करतो. जुन्या फारसीत ‘वसिय्’ म्हणजे पुष्कळ. मधल्या काळात त्याचं ‘वस’ झालं, मग ‘व’चा ‘ब’ होऊन ‘बस’. ‘पुष्कळ झालं’ म्हणजे ‘पुरे झालं’, हा अर्थ सरकायला फार वेळ लागत नाही. ताटावर हात आडवा धरून पाहुणे रोज हेच करतात. या जुन्या शब्दाच्या मुळाशी ‘इच्छा’ हा अर्थ आहे, मनमुराद, हवं तेवढं. इराणमधल्या बेहिस्तूनच्या कड्यावर दारियस राजाने सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी जो लेख कोरवून घेतला, त्यात तो पुन्हा पुन्हा म्हणतो, ‘वश्ना अउरमज्दाहा’, म्हणजे अहुरमज्दा या त्यांच्या देवाच्या इच्छेने. हा ‘वश्ना’ त्याच मुळाचा. आणि संस्कृतातला ‘वश’ही त्याच मुळाचा, त्याचा पहिला अर्थ इच्छा आणि नंतरचा अर्थ ताबा.

या ‘वश’चं हिंदीत ‘बस’ झालं. ‘मेरे बस की बात नहीं’ मधला तो ‘बस’. आमच्याकडेही ‘आपल्या बसचं काम नाही’ असं सर्रास म्हणतात. म्हणजे ‘बस झालं, आता हे आपल्या बसचं नाही’ या वाक्यातले दोन ‘बस’ एकमेकांचे चुलतभाऊ आहेत. एक इराणमार्गे आला, दुसरा इथेच वाढला. इथे मात्र नातं खरं आहे. कानाला सारखे लागतात म्हणून नव्हे, तर दोघांची आधीची रूपं दगडावर आणि पोथीत सापडतात म्हणून.

हाच फारसी ‘बस’ अरबांनीही घेतला. आमच्या नात्यातला एक मुलगा दुबईला कामाला आहे. त्याचा मुकादम मिसरी, म्हणजे इजिप्तचा. तो सारखं ‘बस’ म्हणतो, पण कधी त्याचा अर्थ पुरे, कधी फक्त आणि कधी ‘पण’. पहिल्या आठवड्यात मुकादम बोलता बोलता ‘बस’ म्हणाला की हा हातातलं काम थांबवायचा, आणि तो तर पुढे ‘पण’ म्हणून आणखी काम सांगत असायचा. पूर्व आफ्रिकेत, स्वाहिली भाषेत, तर आमच्यासारखीच अवस्था आहे. तिथे ‘बासी’ म्हणजे पुरे, आणि ‘बासी’ म्हणजेच एसटी. समुद्रामार्गे व्यापाऱ्यांनी एक शब्द नेला, इंग्रजांनी दुसरा, आणि तिथल्या कंडक्टरच्या तोंडी दोन्ही एक झाले. त्याला मी मनोमन नमस्कार करतो.

बाकीच्या भाषांत हा आवाज आहेच. फ्रेंचमध्ये ‘बा’ उच्चारतात पण लिहिताना शेवटी ‘स’ लिहितात, त्याचा अर्थ खालचा, बुटका. तुर्कीत ‘बस’ म्हणजे दाब. हे मला आवडलं, कारण घंटीच्या बटणावर लिहायला बरं. डच लोकांचा ‘बास’ म्हणजे मालक, त्याचा अमेरिकेत ‘बॉस’ झाला आणि आता आमच्या पानटपरीवर ‘काय बॉस’ म्हणून भेटतो. इटालियन माणूस पुरे म्हणायला ‘बास्ता’ म्हणतो, पण फारसी ‘बस’शी त्याचा संबंध नाही, नुसता योगायोग आहे. तोंडात जीभ एक, ओठ दोन. एवढ्याशा आवाजाला जगात कितीतरी ठिकाणी काम मिळणारच.

एक राहिलं. आमचा भाचा दीपनगरला वीज केंद्रात कामाला आहे. त्यांच्याकडे जाड तांब्या-ॲल्युमिनियमच्या पट्ट्या असतात, जनित्राकडून आलेली वीज त्यांच्यावर येते आणि तिथून सगळ्या वाटांना जाते. वायरमन त्याला ‘बसबार’ म्हणतात. भाच्याला वाटायचं, पट्टी ‘बसवलेली’ असते म्हणून बसबार. नाही. ती मुळात ‘ऑम्निबस बार’, सर्वांसाठीची पट्टी. तिथून हा शब्द संगणकात गेला. आतल्या भागांमधून माहिती वाहून नेणाऱ्या सामायिक वाटेलाही बस म्हणू लागले. आज प्रत्येकाच्या खिशात मोबाइलची जी केबल असते, तिच्या ‘यूएसबी’ या नावातला शेवटचा ‘बी’ म्हणजे हीच ‘बस’. म्हणजे लॅटिनच्या चतुर्थीचा प्रत्यय आता चार्जरला लागला आहे, आणि वहिनी ‘यूएसबी कुठे ठेवली’ म्हणून घरभर शोधत असतात.

हे सगळं मी विद्वत्ता दाखवायला लिहिलेलं नाही. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याआधी फेब्रुवारीत आमच्या अमळनेरला ९७ वं साहित्य संमेलन झालं, तेव्हापासून आमच्याकडे भाषेबद्दल बोलायला हुरूप आला आहे, आणि मला त्याचा आनंद आहे. पण त्या हुरुपात जगातला प्रत्येक शब्द मराठीतून गेला असं ठोकून देणाऱ्यांचं पीकही आलं आहे. त्यांची रीत एकच. दोन शब्द कानाला सारखे लागले की सोयरीक पक्की. अशा सोयरिकीने आपल्या पोरांचं हसं होतं, आणि ‘बैसणे’, ‘बठ’, ‘बेस’ अशी खरी, तपासता येणारी श्रीमंती बाजूला पडते. शब्दाचं नातं सांगताना त्याची जुनी रूपं दाखवा, शेजारच्या बोलीत काय म्हणतात ते दाखवा, शब्द कुठून कुठे कोणत्या साली गेला ते दाखवा. तिकीट फाडतानासुद्धा आम्ही कुठून कुठे हे विचारतो. न विचारता फाडलं तर तपासणी पथक चढल्यावर उत्तर आम्हालाच द्यावं लागतं.

तेव्हा आपणास विनंती अशी, की त्या लेखाची दुरुस्ती विद्यार्थी पुरवणीतच छापावी, वाचकांच्या पत्रांत कोपऱ्यात नको, कारण शाळेत पुरवणीच वाचतात. साहेबाची गोष्ट गोष्ट म्हणूनच द्यायची असेल तर खुशाल द्या, फक्त तिच्यावर ‘गोष्ट’ असं लिहा. जागा कमी पडली तर माझ्या पत्रातला दुबई आणि चार्जरचा भाग काढला तरी हरकत नाही. नवापूरचं बाकडं आणि ‘बठ्ठासले’ मात्र काढू नये.

आपला,
एक निवृत्त वाहक,
अमळनेर, जि. जळगाव